पायाची दोरी

गुंजवण्याच्या धरणात शार्क नाही. ही एवढी गोष्ट सिद्धनाथनं गेल्या सहा वर्षांत किती जणांना सांगितली असेल, याची मोजदाद त्याच्याकडेही नाही. पुण्याहून शनिवार-रविवारी येणारी माणसं पाण्याच्या कडेला उभी राहतात, पाण्यावर डुलणाऱ्या त्या लांबुडक्या फळीकडे बघतात आणि हसत हसत विचारतात, "दादा, इथं शार्क वगैरे नाही ना?" प्रत्येकाला वाटतं, हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. सिद्धनाथ म्हणतो, "शार्क न्हाई, पर शार्कचे नियम हायेत." मग माणसं आणखी हसतात आणि तो नियम सांगायला लागतो.

अंगठ्या, साखळ्या काढून ठेवा, चकाकलं की त्याला मासळीचं अंग वाटतं. अंगावर ताजी जखम असली तर उतरू नका. तांबडं फुटताना आणि दिवस बुडताना पाण्यात जाऊ नका, ती त्याची जेवायची वेळ. जिथं कोळी जाळी ओढतात, मासळीची घाण टाकतात, तिथून लांब राहा. एकटं जाऊ नका. आणि समजा, दिसलाच, तर पाणी बडवायचं नाही. फळीवर बसायचं, हातपाय वर घ्यायचे, त्याच्याकडे तोंड ठेवायचं आणि सावकाश काठाला यायचं. सगळं एका सुरात, पाढे म्हणावेत तसं. तोंड त्याचं असतं, पण तो स्वतः तिथं नसतो. ऐकणाऱ्यांना हे कळत नाही, कारण ते फोटो काढत असतात.

आता डोंगरावरच्या धनगरवाड्यातल्या माणसाला शार्क कुठून भेटला, हे सांगायला हवं. सिद्धनाथ एकवीस वर्षांचा असताना नसरापूरच्या एका टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला. टेम्पो माल घेऊन कोकण ओलांडून खाली कर्नाटकाच्या हद्दीत गेला, तिथल्या एका समुद्राकाठच्या गावात बिघडला आणि चार दिवस पडून राहिला. टेम्पो दुरुस्त होऊन परत आला. सिद्धनाथ आला नाही.

असं गाव त्यानं कधी पाहिलं नव्हतं. घराघराच्या कुंपणाला आडव्या-उभ्या फळ्या टेकवलेल्या. सकाळी सहाला गावातली पोरं, बंगळूरची इंजिनिअर मंडळी, दोनचार गोरे, सगळे आपापली फळी काखेत मारून लाटांकडे निघालेले, जशी आपल्याकडं माणसं डेअरीवर दुधाची किटली घेऊन निघतात. दुपारी डोशाच्या टपरीवर अंगाला मीठ फुटलेली तीच माणसं, आणि बोलणं एकच, आज लाट कशी होती. मासळी वाळवणाऱ्या म्हाताऱ्या या सगळ्यांना शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी त्यांनाच जेवण विकायच्या. सिद्धनाथ आधी तिथं भांडी घासायला राहिला, मग फळ्या धुवायला, मग लोकांना फळीवर उभं राहून वल्हं मारायला शिकवायला. आठ वर्षं राहिला. तिथल्या मास्तरनं, दर्या कोळून प्यालेल्या माणसानं, त्याला सगळं शिकवलं. शार्कचे नियमही त्याचेच. खरं तर त्या गावात शार्कनं माणूस खाल्ल्याचं कुणाला आठवत नव्हतं. माणसं मात्र मुशीचं, म्हणजे लहान शार्कचंच, कालवण आठवड्यातून दोनदा खायची. पण मास्तर म्हणायचा, पाण्यात उतरणाऱ्यानं पाण्याच्या मालकाला विसरू नये. सिद्धनाथला हे लगेच पटलं. लांडग्यासमोर पाठ करून पळू नये, हे तो शेळ्यांमागं चालायला लागल्यापासून ऐकत आला होता.

एकदाच त्याला पाण्यावर काळा पंख दिसला. तो फळीवर बसला, पाय वर घेतले, पंखाकडे तोंड ठेवलं. पंख हळूच गेला. शार्क होता की डॉल्फिन, देव जाणे. मास्तरनं मात्र त्या दिवशी एक गोष्ट पक्की करून घेतली: पायाची दोरी. फळीला एक दोरी असते, तिचं दुसरं टोक घोट्याला बांधतात, लहान मुलांच्या बुटाला असते तशी चरचर वाजणारी पट्टी लावून. पडलास तरी फळी लाटेबरोबर जात नाही, आणि फळी म्हणजे तुझं घर. घरात चढलास तर शार्क काही करत नाही. तेव्हा काय वाटेल ते झालं तरी दोरी सोडायची नाही. समुद्रात हे सोळा आणे खरं आहे.

टाळेबंदीत ते गाव बंद पडलं. मास्तरनं पगाराऐवजी तीन जुन्या फळ्या दिल्या, त्या घेऊन सिद्धनाथ घरी आला. धरणाच्या कडेला विंझरच्या आनंदरावांची जागा होती. त्यांनी तिथं नुकतेच तंबू लावले होते, तंबूवाल्या पाहुण्यांना काहीतरी खेळ हवा होता. लोक म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. पण धंदा चालला.

सगळ्यात जास्त तो हैबतीला आवडला. हैबती म्हणजे सिद्धनाथचा थोरला भाऊ. चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. जनावरांमागं फिरणाऱ्याला हल्ली मुलगी कोण देतं. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. सकाळी तंबूवर दूध घालायला खाली यायचा आणि लेंगा गुडघ्याच्या वर खोचून फळीवर उभा राहायचा. पहिल्या महिन्यात शंभरदा पडला. मग असा तरबेज झाला की पाहुणे आपलं सोडून त्याचे फोटो काढायचे. शेतावर जेवायला बसले की तो सिद्धनाथला म्हणायचा, "त्यो काळा पंख सांग." सिद्धनाथ सांगायचा. "मंग?" हैबती विचारायचा. "मंग काय, गेला." "तू पाय वर घेतलंस?" "घेतलं." हैबती समाधानानं मान हलवायचा. धाकट्या भावानं सांगितलेलं सगळं तो खरं मानायचा, हा त्याचा स्वभाव होता.

धरणाच्या पोटात जुनी नदी आहे, आणि नदीच्या जुन्या काठावर एक उंबर आहे. त्याच्या बुडाशी साती आसरांचे सात दगड होते, पाण्याच्या देवींचे. धरण भरलं तशा देवी आणि उंबर दोन्ही पाण्याखाली गेले. पण सिद्धनाथची आई, कोंडाबाई, दरवर्षी वैशाखातल्या अवसेला पाण्याच्या कडेला यायची आणि उंबराच्या दिशेनं दहीभात आणि सात हिरव्या बांगड्या पाण्यात सोडायची. हे काम घरातल्या बाईनंच करायचं, पुरुषानं नाही. घरात बाई एकच.

तीन वर्षांमागं वैशाखातच तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ती भोरला दवाखान्यात, आणि अवस निघून गेली. चौथ्या दिवशी दुपारी हैबती खाली आला. गोठ्यातली एक पाडी चुकली होती आणि ती पलीकडच्या काठाला दिसत होती. वळसा घालून चालत जायचं तर दोन तास. फळीवरून वीस मिनिटं. सिद्धनाथकडे तरंगायची जाकिटं दोनच होती आणि दोन्ही पाहुण्यांच्या अंगात होती. हैबतीनं विचारलंही. सिद्धनाथ म्हणाला, "दोरी हाय की पायाला. मंग जाकिटाचं काय काम?" त्यानं स्वतः वाकून भावाच्या घोट्याला पट्टी आवळली, दाबून बघितली आणि म्हणाला, "काय बी झालं तरी सोडायची न्हाई." हैबती म्हणाला, "व्हय."

दुपारचा वारा डोंगरातून उतरतो तो अवचित उतरतो. पाहुण्यांना काठाला आणून सिद्धनाथनं वर बघितलं, तर फळी मध्याच्या थोडं पुढं होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. त्याला वाटलं हैबती पडला असेल, चढेल. मग त्याच्या ध्यानात आलं की फळी वाहत नाही. एवढ्या वाऱ्यात रिकामी फळी जागची हलत नाही, म्हणजे तिला खालून कुणीतरी धरलं आहे. तो तिथं पोचेपर्यंत उशीर झाला होता.

त्या दिवसांत पाणी उतरलेलं असतं. उंबराचा शेंडा पाण्याच्या हातभर खाली आला होता. दोरीनं फांदीला दोन वेढे घेतले होते आणि ती आखडून इतकी तोकडी झाली होती की माणसाचं तोंड वर येऊ नये. समुद्रात झाडं नसतात. मास्तरनं झाडांचा नियम सांगितला नव्हता, आणि सिद्धनाथनंही आपल्या डोक्यानं तो काढला नव्हता. त्यानं बुडी मारून घोटा चाचपला. पट्टी त्यानं लावली होती तशीच, सरळ, दाबलेली होती. एका हिसक्यात सुटली. तिला कुणी हातही लावलेला नव्हता.

भावाला वर घेण्याआधी त्यानं ती दोरी फांदीतून सोडवली आणि काठाला आल्यावर पोत्यात घातली. का, ते त्याला नीट सांगता येत नाही. आळ येईल म्हणून नव्हे. दादाच्या पायाला जनावरासारखं काही बांधलेलं लोकांना दिसू नये, एवढंच त्या घडीला मनात होतं. मग पंचनामा झाला, वाऱ्यानं पडला, बुडाला, असं लिहिलं गेलं. वाड्यातला म्हातारा सोनबा म्हणाला, "आसरांनी नेला. ह्या साली दहीभात चुकला." लोकांनी माना हलवल्या. सिद्धनाथ गप्प राहिला, आणि एकदा गप्प राहिलेल्याला दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट जड जातं.

कोंडाबाई डोळ्याला हिरवी झापड लावून भोरहून परत आली. तिनं सोनबाचं ऐकलं आणि फार रडलीही नाही. त्या दिवसापासून तिनं मीठ सोडलं.

मीठ सोडलं म्हणजे सोडलं. कालवण अळणी, भाकरी अळणी, ताकसुद्धा अळणी. घरात एकच हंडी, तेव्हा स्वयंपाक सगळाच तसा. सिद्धनाथच्या ताटाशेजारी मात्र ती न चुकता मिठाची बरणी ठेवायची. तो बरणीला हात लावायचा नाही. त्याग म्हणून नव्हे. त्याला काही कळतच नव्हतं. तिखट काय, आंबट काय, पाणी गार काय, ऊन काय, सगळं एकाच भावात. पाय काट्यानं फाटला तर रक्त बघून समजायचं. लोक म्हणायचे, सिदा लई सोसतो. सोसायला आधी दुखावं लागतं, हे लोकांना कोण सांगणार.

धंदा त्यानं बंद केला नाही. फक्त दोऱ्या बदलल्या. पायाच्या सगळ्या दोऱ्या काढून टाकल्या आणि कमरेच्या आणल्या, पोटाशी लाल गाठ असते, ओढली की आख्खी दोरी गळून पडते अशा. जाकिटं आठ घेतली. जाकिटाशिवाय आनंदरावांच्या पाहुण्यालाही पाण्यात पाऊल टाकू देत नाही. आनंदराव हसून म्हणाले, दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकतोय. त्यांना वाटलं, दूध म्हणजे नुसतं भावाचं बुडणं; दोरीचं त्यांना ठाऊक नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात कोंडाबाई दोनदा पडली. एकदा गोठ्यात, एकदा चुलीजवळ. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्त तपासून सिद्धनाथला बाजूला घेतलं. अंगातलं मीठ फार खाली गेलंय, म्हणाली, असंच चाललं तर एक दिवस म्हातारी पडेल ती उठणार नाही, कसलं व्रत असेल ते सोडवा. सिद्धनाथनं घरी येऊन सांगितलं. कोंडाबाई म्हणाली, "माज्या हातनं चुकलंय. म्याच फेडनार." खरं सांगितलं तर ती मीठ खाईल, हे त्याला माहीत होतं. आणि मग आपल्याला आई राहणार नाही, हेही माहीत होतं. तीन वर्षं तो या दोन गोष्टींच्या मधे उभा होता, आणि आता उभं राहायलाही वेळ उरला नव्हता.

त्या रविवारी पुण्याची एक बाई आली, शेफाली नावाची. कुठल्याशा समुद्रावर फळी चालवून आलेली. सिद्धनाथचे नियम तिनं हसत ऐकले. कमरेची दोरी हातात घेऊन ती म्हणाली, "दादा, आम्हाला तर घोट्यालाच बांधायला सांगितलं होतं. इथं कमरेला का?"

तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शार्कबद्दल सगळे विचारतात.

"हितं पान्याखाली झाडं हायेत," सिद्धनाथ म्हणाला. "पायाची दोरी फांदीत अडकती. वाकून सोडायला हात पोचत न्हाई. कमरंची एका हातानं सुटती." मग त्याच सुरात, एकही शब्द हलका-भारी न करता, तो पुढं म्हणाला, "माजा भाऊ तसाच गेला. दोरी म्याच बांदली व्हती."

शेफालीचं हसू गेलं. तिनं लाल गाठ दोनदा ओढून बघितली आणि परत बांधली. मागं तंबूच्या दोऱ्या ताणत असलेले आनंदराव मात्र थांबले होते. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "म्हातारीला ठावं हाय?"

"न्हाई."

"मंग आजच सांग. माज्या तोंडाला कुलूप हाय, पर ह्या पाहुन्यांच्या न्हाई."

पाहुणे चारला गेले. सिद्धनाथनं फळ्या उलट्या करून ठेवल्या, पत्र्याच्या खोलीतल्या पोत्यातून ती जुनी दोरी काढली, खिशात कोंबली आणि वर चढायला लागला. पाऊण तासाची चढण. वाटेत त्यानं बोलायचं काही जुळवलं नाही. पोचला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं आणि कोंडाबाई दारात हुलगे निवडत बसली होती.

तो समोर बसला. दोरी काढून तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. पाडी, जाकीट, उंबर, पट्टी. "आये, आसरांनी न्हाई नेला," तो शेवटी म्हणाला. "तुजं काय चुकलं न्हाई."

कोंडाबाईनं सूप बाजूला केलं. दोरी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली, मग लुगडं जरा वर सरकवून पाय पुढं केला. "बांद," ती म्हणाली. "कशी बांदली व्हतीस, दाव."

त्यानं वाकून तिच्या वाळलेल्या घोट्याला पट्टी गुंडाळली, आवळली, दाबली. कोंडाबाईनं हात खाली नेला आणि पट्टीचं टोक ओढलं. चर्रकन आवाज झाला आणि दोरी अंगणात पडली.

"ही तर सुटती की," ती म्हणाली.

"व्हय."

"मंग त्यानं का न्हाई सोडली?"

सिद्धनाथनं खाली बघितलं. "म्याच सांगितलं व्हतं, सोडायची न्हाई म्हून."

शेळ्या आल्या, त्यांना कोंडाबाईनं आत घेतलं नाही. त्या आपल्या आपणच गेल्या. मग ती म्हणाली, "उंबर आसरांचाच. पर दोरी तुजी." एवढं बोलून भिंतीला धरून उठली आणि आत चुलीपुढं गेली.

सिद्धनाथ अंगणातच बसून राहिला. ती आता आपल्याला आत बोलावणार नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं. पण अंधार पडायच्या आत आतून हाक आली. रोजच्यासारखीच. तो आत गेला. दोन ताटं मांडलेली होती, भाकरी आणि हुलग्याचं कालवण. मिठाची बरणी त्याच्या ताटाशेजारी नव्हती. ती कोंडाबाईच्या गुडघ्याजवळ होती.

कोंडाबाईनं बरणीत बोटं घातली, चिमूटभर मीठ घेऊन आपल्या कालवणात टाकलं, बोटानं ढवळलं आणि घास घेतला. तीन वर्षांनी मीठ लागलेलं तिचं तोंड जरा वेडंवाकडं झालं. तिनं तो घास सावकाश चावला, गिळला आणि दुसरा घेतला.

सिद्धनाथनंही भाकरी मोडली, कालवणात बुडवून तोंडात घातली आणि थांबला. कालवण अळणी होतं. पार मातीसारखं, गिळवत नव्हतं. तीन वर्षं हे असंच होतं आणि हे आपल्याला आज कळतंय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि छातीत कुठंतरी इतकं दुखलं की त्यानं डाव्या हातानं जमीन धरली. उजवा हात आपोआप बरणीकडे गेला.

कोंडाबाईनं बरणीवर हात ठेवला.

"तीन वरसं म्या खाल्लं," ती म्हणाली. "आता तू खा."

"कवापातूर, आये?"

"म्या सांगंन तवर."

त्यानं मान हलवली आणि दुसरा घास घेतला. तोही अळणीच लागला.